साळिंदराचं ताट ओळखा, मग वाडी राखा

सुरणाच्या वाफ्यात सकाळी खड्डा दिसतो. खोड आडवं पडलेलं, पानं तशीच आणि खालचा कंद अर्धा गायब. शेजारच्या माडाच्या रोपाचा कोंब बुंध्यापासून कुरतडलेला. रात्री कुत्री भुंकली होती, पण कुणी उठून पाहिलं नाही. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर नागोठणे आणि रोहा यांच्यामध्ये असलेल्या निडीच्या आसपास किंवा पेणपासून कासूपर्यंतच्या डोंगरकडेच्या कोणत्याही वाडीत विचारा, अशी सकाळ बहुतेकांनी पाहिलेली असते. पहिला संशय रानडुकरावर जातो आणि बऱ्याच वेळा तो चुकीचा असतो. हे काम साळिंदराचं असतं. कुणी त्याला साळू म्हणतं, कुणी सायाळ.

साळिंदराला हुसकण्याचे उपाय पुष्कळ सांगितले जातात. त्यातले काही निरुपयोगी आहेत, काही बेकायदा आहेत आणि काही माणसाच्याच जिवावर उठणारे आहेत. ते काय खातं, कधी खातं, कुठून येतं हे न पाहता उपाय केल्यामुळे असं होतं. म्हणून या लेखात आधी त्याचं खाणं पाहू आणि नंतर राखण.

त्याच्या ताटात काय असतं?

साळिंदर हा कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, म्हणजे उंदीर-खारींच्या गणातला प्राणी. पूर्ण वाढलेल्या साळिंदराचं वजन साधारण 11 ते 18 किलो भरतं. दिवसभर ते बिळात किंवा खडकाच्या कपारीत पडून असतं आणि अंधार पडला की चरायला निघतं. मुख्य आहार झाडपाल्याचा, त्यातही जमिनीखालचा: कंद, गड्डे, मुळं. त्याच्या जोडीला पडलेली फळं, धान्य, कोवळे कोंब, वेलीवरची फळं आणि झाडाची साल. क्वचित किडेही खातं.

कोकणात त्याला खायला काय मिळतं हे पाहिलं की ते वाडीत का उतरतं ते कळतं. रानात शेवळं, रानसुरण आणि करांद्यांच्या जाती आहेत. वाडीत आपण सुरण, कणगर, कोनफळ, रताळी, अळू लावतो. त्याच्या दृष्टीने ही एकच पंगत आहे. फरक इतकाच की रानातला कंद दगडांत खोल आणि विखुरलेला असतो, तर आपल्या वाफ्यातली माती भुसभुशीत, शेणखत घातलेली आणि कंद हातभर अंतरावर ओळीने लावलेले. एका रात्रीच्या मेहनतीत जिथे जास्त पोट भरतं तिथे ते येणारच.

त्याचे पुढचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवत ठेवले नाहीत तर तोंड मिटणं अवघड होईल, म्हणून कठीण वस्तू कुरतडणं ही त्याची गरज असते. ते हाडं आणि सांबर-चितळांची गळून पडलेली शिंगंही बिळापाशी ओढून आणतं. हाडांतून त्याला कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळतं, जे कंदमुळांत पुरेसं नसतं. बिळाच्या तोंडाशी हाडं दिसली की ही बिबट्याची किंवा तरसाची जागा असल्याची अफवा गावात पसरते. ते हाड उचलून नीट पाहा. त्यावर शेजारी शेजारी, जोडीने ओढलेल्या रुंद खाचा असतील तर ती साळिंदराच्या दातांची खूण आहे. मांसभक्षकाचा सुळा हाडात भोक पाडतो, अशा समांतर खाचा ओढत नाही.

साल आणि मुळं यांसारखा चिवट चोथा पचतो कसा? साळिंदराच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जिवाणू हा चोथा आंबवतात आणि त्यातून त्याला ऊर्जा मिळते. म्हणूनच चैत्र-वैशाखात जमीन टणक होऊन कंद काढता येईनासे झाले, तरी झाडाच्या सालीवर ते दिवस काढतं. उन्हाळ्यात बागेतल्या कलमांचे बुंधे सोललेले दिसतात ते यामुळे.

दूरचा एक शिकवणारा शेजारी

बिळात राहणारा, रात्री चरणारा, जन्मभर वाढणाऱ्या दातांचा आणि चोथ्यावर जगणारा आणखी एक प्राणी ऑस्ट्रेलियात आहे, वोम्बॅट. साळिंदराशी त्याचं नातं नाही. तो कांगारूसारखा पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा प्राणी. पण दोघांच्या खाण्याची घडी बरीच जुळते. वोम्बॅट मुख्यतः गवत खातो, सोबत लव्हाळ्यासारख्या गवताळ वनस्पती आणि मुळं, आणि टंचाईत साल. साळिंदराचे फक्त पुढचे दात सतत वाढतात, वोम्बॅटच्या दाढासुद्धा वाढत राहतात, कारण वाळकं गवत चघळून त्या झपाट्याने झिजतात. त्याची विष्ठा चौकोनी ठोकळ्यांच्या आकाराची असते. चोथ्यातलं पाणी आतड्यात जवळजवळ पूर्ण शोषलं जातं आणि आतड्याच्या भिंतीची ताण घेण्याची क्षमता सगळीकडे सारखी नसल्याने तसे कोपरे तयार होतात.

आपल्या कामाची गोष्ट तिथल्या शेतकऱ्यांच्या कुंपणांची आहे. वोम्बॅट रोज ठरलेल्या वाटेने चरायला जातो. वाटेत कुंपण आलं तर ते खालून उकरतो, आणि त्या भोकातून ससे आणि रानकुत्री आत शिरतात. भोक बुजवलं तर दुसऱ्या रात्री पुन्हा उकरलेलं. म्हणून अनेक शेतकरी त्याच्या वाटेवर कुंपणात जड, झुलतं दार बसवतात. वोम्बॅट डोक्याने ते ढकलून पलीकडे जातो, हलक्या प्राण्यांना ते उघडत नाही. प्राण्याची वाट ठाऊक असेल तर अख्खं शिवार बंद करण्याचा आटापिटा करावा लागत नाही. आपल्याकडेही हेच धोरण ठेवावं. साळिंदरही नेमाने त्याच पायवाटांनी ये-जा करतं. संपूर्ण डोंगरउतार अडवू नका. त्याची वाट मोकळी सोडा आणि ज्या तुकड्यात त्याचं आवडतं खाणं आहे तेवढाच पक्का बंद करा.

नुकसान कुणाचं? आधी खात्री करा

चोर ओळखल्याशिवाय उपाय करू नका. सकाळी ऊन चढायच्या आत वाफ्यात जा आणि या खुणा पाहा.

*साळिंदर:* वर रुंद, खाली निमुळता होत गेलेला खड्डा, बरोबर कंदाच्या जागी. आजूबाजूची झाडं बहुधा शाबूत. कंद जागच्या जागी खाल्लेला, साली आणि तुकडे तिथेच. उरलेल्या तुकड्यावर जोडीच्या रुंद दातांचे घाव. जवळपास दोन्ही टोकांना निमुळत्या, चोथ्याने भरलेल्या गडद लेंड्या, कधी एकमेकींना चिकटलेल्या. गळलेला पांढरा-काळा काटा सापडला तर शंकाच नको.

*रानडुक्कर:* एक-दोन खड्ड्यांवर थांबत नाही. सगळा पट्टा नाकाडाने उलथलेला, ढेकळं पसरलेली, पीक तुडवलेलं, खुरांचे दुहेरी ठसे. ओल असेल तर लोळल्याची जागाही.

*घूस:* बांधाला भोक आणि भोकाबाहेर ताज्या मातीचा ढीग. भाताच्या लोंब्या कापून बिळात साठवलेल्या.

*माकड-वानर:* नुकसान दिवसाढवळ्या. फळं अर्धवट खाऊन टाकलेली, फांद्या मोडलेल्या.

खात्री होत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. संशयाच्या वाटेवर संध्याकाळी दोन हात रुंदीचा पट्टा बारीक चाळलेल्या मातीने किंवा राखेने सारवल्यासारखा सपाट करा. सकाळी ठसे दिसतील. साळिंदर चालताना त्याचे मागचे काटे जमिनीला घासतात, त्यामुळे पावलांच्या जोडीने बारीक रेघाही उमटतात.

वर्षाचं गणित

त्याचं खाणं ऋतूप्रमाणे बदलतं. त्याप्रमाणे आपली सावधगिरीही बदलली पाहिजे.

ज्येष्ठ-आषाढात रानात कंद फुटतात, गवत-कोंब मुबलक असतात. या काळात धोका नव्या लागवडीला असतो: माड-पोफळीची रोपं, नुकतं लावलेलं सुरणाचं बेणं, केळीचे मुनवे.

श्रावण-भाद्रपदात वरकस जमिनीवर आणि मांडवावर काकडी, चिबूड, भोपळे धरतात. जमिनीवर टेकलेली फळं त्याला सहज मिळतात. शक्य तितके वेल मांडवावर चढवा.

अश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत सगळ्यात जोखमीचा काळ. करांदे, कणगर, रताळी, भुईमूग, सुरण याच वेळी तयार होतात. भात कापलं की शिवार मोकळं होतं आणि आडोसा कमी झाल्यामुळे ते थेट वाडीकडे वळतं.

पौष-माघात कलिंगडाच्या आणि भाजीच्या मळ्यांवर लक्ष ठेवा. फळ तयार व्हायला लागलं की राखण सुरू करा, पिकून लाल व्हायची वाट पाहू नका.

फाल्गुन ते वैशाख या काळात काजूची बोंडं, फणस, आंबे पडतात. ती उचलली नाहीत तर साळिंदराला रोज येण्याची सवय लागते. याच दिवसांत बुंध्याची सालही धोक्यात असते.

आणखी एक गोष्ट पंचांगातून पाहता येते. इस्राएलमधल्या नेगेव वाळवंटात याच जातीच्या साळिंदरांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की लख्ख चांदण्यात ती उघड्यावर कमी फिरतात. आपण राखणीच्या रात्री निवडताना याचा उपयोग करावा. पौर्णिमा उलटून चार-पाच दिवस झाले की चंद्र उशिरा उगवतो आणि रात्रीचा पहिला भाग काळोखाचा असतो. तिथपासून अमावास्येपर्यंत जास्त जागं राहा.

राखण कशी करावी?

*जाळी जमिनीत गाडा.* साळिंदर चढण्यात कच्चं आणि उकरण्यात पक्कं. त्यामुळे उंच कुंपणावर पैसा घालवण्यापेक्षा खाली लक्ष द्या. जाड तारेची, वेल्डिंग केलेली जाळी जमिनीवर अडीच-तीन फूट पुरते. तिचा खालचा फूट-दीड फूट भाग जमिनीत गाडा आणि शेवटची वीतभर जाळी बाहेरच्या बाजूला वळवून पुरा. ते कुंपणाच्या मुळाशी उकरायला लागलं की आडवी जाळी लागते. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी वापरू नका, ती वाकते. सगळ्या वाडीला जाळी परवडणार नाही, ती लागतही नाही. सुरण, करांदे, रताळी, हळद हे सगळं एकाच तुकड्यात, घराजवळ घ्या आणि तेवढाच तुकडा बंदिस्त करा.

*दगडी गडगा असेल तर तो तपासा.* पावसाळ्यानंतर दगड सरकून खाली फटी पडतात. गणपतीनंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा पूर्ण फेरी मारून त्या बुजवा. गडग्याच्या मुळाशी वाढलेलं रान साफ ठेवा.

*रोपांना वेढा घाला.* माड, पोफळी आणि आंबा-काजूच्या कलमांच्या बुंध्याभोवती दोन फूट उंचीचा जाळीचा किंवा पत्र्याचा वेढा बसवा. तो बुंध्याला घट्ट लावू नका. चार-पाच बोटं अंतर ठेवा, म्हणजे खोड वाढायला आणि वारा खेळायला जागा राहते. कडा मातीत दाबा. पहिली तीन-चार वर्षं एवढं केलं तरी बाग वाचते.

*वेळेवर काढणी करा.* सुरणाची पानं पिवळी पडून खोड लोळलं की कंद तयार झाला. नंतर जमिनीत ठेवलेला प्रत्येक दिवस साळिंदराला दिलेलं आमंत्रण आहे. काढलेला माल रात्री शेतात ढीग करून ठेवू नका. बेण्याचे कंद पडवीत किंवा माळ्यावर ठेवा.

*तिन्हीसांजेच्या आत पडलेली फळं उचला.* बोंडं, फणसाचे चारखंड, कुजके आंबे वेचून खोल खड्ड्यात टाका आणि वर माती लोटा. उघड्या उकिरड्यावर टाकली तर काहीच साधत नाही.

*कुंपणाबाहेर दहा-बारा फुटांचा पट्टा मोकळा ठेवा.* त्याला झुडपाच्या आडोशाने यायला आवडतं. मोकळा पट्टा ओलांडायला ते बिचकतं.

*दिवे आणि आवाज यांवर विसंबू नका.* एकाच जागी लावलेल्या दिव्याला ते काही दिवसांत सरावतं. वापरायचाच तर दिवा दर दोन-तीन रात्रींनी हलवा. उग्र वासाचे लेपही पहिल्या पावसात किंवा आठवड्याभरात निरुपयोगी होतात.

*राखणीला एकटे जाऊ नका.* बॅटरी, काठी, पायांत गमबूट आणि सोबत आणखी एक माणूस. रात्री वाडीत साळिंदरापेक्षा साप आणि रानडुक्कर यांचा धोका मोठा आहे.

हे करू नका

कुंपणात विजेचा थेट प्रवाह सोडू नका. त्यात साळिंदर मरो न मरो, रात्री पाणी बघायला आलेला शेजारी, गुरं चुकली म्हणून शोधायला निघालेलं पोर मरू शकतं. हा गुन्हा तर आहेच, पण त्याहून आधी ते कधी न फिटणारं पातक आहे.

फासे लावू नका, विष कालवू नका, स्फोटकं पेरू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार साळिंदराची शिकार करणं गुन्हा आहे. फासा तर प्राणी पाहून आवळत नाही, त्यात बिबट्या, भेकर किंवा तुमचंच कुत्रं अडकतं. विष खाल्लेल्या जनावराला जो प्राणी खातो तोही मरतो.

बिळात धूर करू नका. साळिंदरं जोडीने राहतात आणि बिळात पिल्लंही असतात. एका वेळी पिल्लं सहसा एक किंवा दोन. बिळातल्या कुटुंबाला गुदमरवून मारणं याला राखण म्हणता येत नाही.

कुत्री अंगावर सोडू नका. साळिंदर काटे फेकत नाही, ते काटे ताठ करून शेपटीच्या बाजूने मागे सरकत हल्ला करतं. पाठीवरचे लांब काटे 30 सेंटिमीटरपर्यंत भरतात. जिम कॉर्बेटने मारलेल्या मुक्तेसरच्या नरभक्षक वाघिणीचा एक डोळा साळिंदराशी झालेल्या झटापटीत गेला होता आणि पुढच्या पायात काटे रुतून राहिले होते. जिथे वाघाची ही गत, तिथे कुत्र्याचं काय! कुत्र्याला काटे टोचलेच तर घरी ओढून काढू नका. तुटलेलं टोक आत राहिलं की जखम चिघळते. पशुवैद्याकडे न्या. माणसाला काटा लागला तर जखम साबण-पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का ते विचारा.

जखमी किंवा विहिरीत पडलेलं साळिंदर दिसलं तर लोकांना दूर ठेवा, त्याच्या मागे जाऊन कोंडू नका आणि वनविभागाच्या 1926 या टोल-फ्री क्रमांकावर कळवा. नुकसान झालं असेल तर खड्ड्यांचे, खुणांचे फोटो त्याच सकाळी काढा आणि आपल्या भागाच्या वनरक्षकाला दाखवा.

रानातलं ताट भरलेलं ठेवा

साळिंदराचं उकरणं रानाला उपयोगी आहे, हे शेतकऱ्याला पटायला जड जाईल, पण ते खरं आहे. नेगेवमध्येच झालेल्या अभ्यासात दिसलं, की त्याने उकरलेल्या खड्ड्यांत पाणी, पालापाचोळा आणि बी साठतं आणि तिथे आजूबाजूच्या सपाट जमिनीपेक्षा जास्त रोपं उगवतात. कंदही ते अनेकदा पूर्ण संपवत नाही, उरलेल्या भागातून पुन्हा फूट येते. मुरुड आणि रोहा तालुक्यांत पसरलेलं फणसाड अभयारण्य 1986 साली जाहीर झालं. तिथल्या रानाच्या खालच्या थरातली झाडं-वेली अशाच उकरणाऱ्या, बी पसरवणाऱ्या प्राण्यांच्या भरवशावर वाढतात.

रान खायला देत असेल तर जनावराला वाडीत येण्याची गरज कमी भासते. इथे आपल्या हातात एक मोठी गोष्ट आहे, वणवा थांबवणं. होळीच्या सुमाराला डोंगरांना आगी लावल्या जातात. गवत चांगलं येतं, शिकार सोपी होते, वाट मोकळी होते अशी कारणं सांगितली जातात. पण त्या आगीत पडलेली फळं, कोवळी झाडं, करवंदीच्या जाळ्या, दिवसा लपायचा आडोसा सगळं जळतं. त्यानंतरचे दोन-तीन महिने डोंगरावर खायला काहीच उरत नाही आणि खाली आपल्या वाडीत पाणी घातलेली हिरवी रोपं असतात. मग साळिंदर कुठे जाईल?

कातकरी आणि ठाकूर वाड्यांतली वडीलधारी माणसं रानातले कंद कुठे आणि कधी मिळतात, कुठला कडू, कुठला गोड, हे पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. साळिंदराच्या वाटा, बिळं आणि चरण्याच्या जागा त्यांच्याइतक्या कुणाला माहीत नसतात. गावाने कुंपणाची आखणी करण्याआधी त्यांना सोबत घेऊन एकदा डोंगरकडेची फेरी मारावी. पुस्तकात न सापडणारी माहिती त्या फेरीत मिळेल.

या पावसाळ्याआधी तीन कामं करा. तुमच्या वाडीत साळिंदराची वाट कुठून येते ते शोधून ठेवा. कंदांची लागवड एका तुकड्यात आणून त्याची जाळी दीड फूट खाली गाडा. आणि गावाच्या बैठकीत डोंगराला आग न लावण्याचा ठराव मांडा. वाडी एकट्याने राखता येते, डोंगर मात्र सगळ्यांनी मिळूनच राखावा लागतो.